दुश्मनांना जरा कसर आहे

आमचं संस्थान एवढंसं, की सकाळी घोड्यावर बसून निघालेला माणूस दुपारचं जेवण दुसऱ्याच्या राज्यात जेवायचा. पण रीतभात विचाराल तर मोठ्या दरबारांना लाजवील अशी. लहान संस्थानांचं असंच असायचं. तोफा कमी, म्हणून मुजरे जास्त. मी त्या घरातली धाकटी मुलगी. आता वय झालंय, लिहिताना बोटं आखडतात, आणि शाळेचं तोंड मी एक दिवसही पाहिलेलं नाही. तेव्हा शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं. मी बोलते तसंच लिहिणार आहे.

आम्ही बहिणी दोघीच. थोरल्या अक्कासाहेब, आणि मी ताईसाहेब. त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. आमच्यात अगं-तूगं नव्हतं, तशी परवानगीच नव्हती. भांडायचं तेसुद्धा अहो-जाहो करत. "आपण माझी बाहुली चोरलीत," असं मी म्हणायची, आणि त्या म्हणायच्या, "आपण चुगलखोर आहात, आपल्याशी बोलण्यात अर्थ नाही." दाराआडून ऐकणाऱ्याला वाटावं, दोन वकील बोलताहेत. मग केस ओढायचे, तेही बिनआवाजाचे. घरकामाची कुळंबीण आली की दोघी सरळ बसून पदर नीट करायच्या.

पहिलं सगळं त्यांना. पहिलं ताट, पहिला गजरा, पहिलं तट्टू. शिकवायला मास्तर आला तोही त्यांनाच. मी खांबाला टेकून ऐकायची. लोकांना वाटतं की धाकटीला थोरलीचं जुनं नेसावं लागतं म्हणून ती कुढते. आमच्यात तसं नव्हतं. जुने कपडे नोकरांच्या मुलींना जायचे, मला सगळं नवं मिळायचं. मिळायचा नाही तो आईसाहेबांचा हात. तो अक्कासाहेबांच्या पाठीवरून फिरून उरला तर माझ्या वाट्याला यायचा.

आता ती रीत सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्या घरात कुणाला आजारी पडायची सोय नव्हती. म्हणजे आजार यायचे, सगळ्यांना येतात. पण राजघराण्यातल्या माणसाला ताप आला असं तोंडानं म्हणायचं नाही. म्हटलं की शब्द अंगाला चिकटतो. म्हणून म्हणायचं, त्यांच्या दुश्मनांना ताप आला. आबासाहेबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जुलाब झाले तर कारभारी हात जोडून सांगायचे की सरकारांच्या दुश्मनांचं पोट बिघडलं आहे. ऐकणारा समजायचा आणि मऊ भात पाठवायचा. कुणाला हसू यायचं नाही. ही बोली वरच्या, हिंदुस्थानी दरबारांतून आली म्हणत. आली ती आमच्याकडे मुक्कामालाच राहिली.

अक्कासाहेब तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. एका मोठ्या संस्थानाशी त्यांची सोयरीक बोलून ठेवलेली होती. तिकडच्या राणीसाहेबांनी एकदा मुलगी डोळ्यांखालून घातली की झालं, एवढंच बाकी. आणि त्याच हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. मग रोज संध्याकाळी कसर यायला, अंग तापायला लागलं. पुण्याचा डॉक्टर आला, त्यानं दार लावून आबासाहेबांना काय ते सांगितलं. तो शब्द घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. थंड हवेसाठी लोणावळ्याला जायचं, एवढंच सगळ्यांना कळलं. आईसाहेब निघाल्या, आणि मी मागे राहीना, रडून रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून मलाही गाडीत घातलं.

स्टेशनापासून टांग्यानं थोडं वर गेलं की बंगला. पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंना व्हरांडा. विजेची गाडी तेव्हा यायची होती. घाट चढून आलेलं इंजिन स्टेशनात उभं राहून धापा टाकायचं, आणि इकडे अक्कासाहेबांची उबळ. दोन्ही एकदम सुरू झालं की कोण आधी थांबतंय ते मी मोजत बसायची. टांगेवाला मला कधी गुडदाणी आणून द्यायचा. तेवढी एक गोष्ट तिथं गोड होती.

अक्कासाहेबांच्या खोलीचा उंबरा मी ओलांडायचा नाही, असा हुकूम. त्यांची भांडी वेगळी, टॉवेल वेगळा, त्यांच्या पेल्याला ओळखू यावा म्हणून लाल दोरा. आईसाहेब दिवसभर आत. मी उंबऱ्याबाहेर बसकुरावर. मला आईसाहेबांची पाठ दिसायची. त्या दोन-तीन महिन्यांत मला त्यांची पाठ इतकी पाठ झाली, की आजही चोळीच्या शिवणीसकट डोळ्यांपुढे येते.

पाणी भरायला, भांडी घासायला वडिवळ्याची एक बाई ठेवली होती. कामशेतहून गाडीत बसून आली ती आमच्याकडेच राहिली, मधूनच शेतीच्या कामाला गावी जायची. तिला मी मावशी म्हणायची. आमच्या घरात नोकरमाणसाला असं म्हणत नसत. पण तिथं हटकायला वेळ होता कुणाला?

एके दिवशी आबासाहेबांकडून माणूस आला. आईसाहेबांनी त्याला दारातून सांगितलं, "सरकारांना कळवा, अक्कासाहेबांच्या दुश्मनांना कालपासून कसर जास्त आहे." हे वाक्य मी जन्मापासून शंभरदा ऐकलं असेल. पण हे दुश्मन कोण, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. आईसाहेब जेवायला गेल्यावर मी व्हरांड्यातून फिरून खिडकीशी गेले आणि अक्कासाहेबांनाच विचारलं.

त्या उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हेही माहीत नाही आपल्याला?"

"नाही."

"आपणच. माझ्या दुश्मन आपण. दुसरं आहे कोण इथं?"

आणि हसल्या. हसता हसता खोकल्या, आणि मग रुमाल तोंडाला लावून बराच वेळ पडून राहिल्या.

मला ते लगेच पटलं. पटण्यासारखंच होतं. त्यांना तट्टू मिळालं तेव्हा त्या पडाव्यात असं मी देवापुढे म्हटलं होतं. मास्तर त्यांना शाबास म्हणायचा तेव्हा त्यांची वाचा बसावी असं वाटायचं. म्हणजे दुश्मन मीच, यात संशय कसला? मग मी विचार करत बसले. ताप यायचा तो दुश्मनांना, असं सगळे मोठे सांगतात. माझं अंग तर गार. म्हणजे माझा ताप चुकून त्यांच्याकडे गेला आहे. आणि औषध दुश्मनाला द्यायचं सोडून त्यांना देताहेत, मग गुण कसा यावा? नऊ वर्षांच्या मुलीचं गणित ते. पण मला त्यात चूक सापडेना.

तेव्हा औषध बाटलीतून यायचं, आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची. एक दात म्हणजे एक डोस. आईसाहेब जेवायला गेल्या की मी उंबरा ओलांडायची. अक्कासाहेब झोपलेल्या असायच्या. मी एक दात औषध पिऊन यायची. डांबरासारखा वास, आणि कडू असं की जीभ घासून काढावीशी वाटे. दहा-बारा दिवस मी ते प्याले, आणि रोज संध्याकाळी वाट पाहिली की आता माझं अंग तापेल आणि त्यांचं उतरेल. खरं सांगते, त्या दिवसांत मला त्यांचा हेवा वाटत नव्हता. त्यांना बरं करायचं काम माझ्याकडे होतं ना.

बाटली लवकर संपते म्हणून कुरकुर सुरू झाली, आणि मावशीनं मला पकडलं. बाटली तोंडाला लावलेली असतानाच. हाताला धरून मागच्या पडवीत नेलं.

"ताईसायेब, ह्ये काय चाललंय? कुनाचं औशीद हाय त्ये?"

मी सगळं सांगितलं. दुश्मन मी आहे तेही सांगितलं, फक्त तसं मला कुणी म्हटलं ते सांगितलं नाही. ती राखेचे हात तसेच घेऊन माझ्यापुढे उकिडवी बसली.

"आवं, दुश्मन म्हंजी कुनी न्हाई. मोठ्या घरची बोलायची रीत हाय ती. आमी न्हाई का म्हनत, इडापिडा टळो? ती इडा काय कुनाची आत्याबाई असती व्हय? तसंच त्ये. ताप अक्कासायबांस्नीच हाय. तुमी काय बी केलं न्हाई."

मग म्हणाली, औशीद त्यांच्या पोटात जायला पायजे, परत हात लावू नगा. आणि हे कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं.

इथं मी स्पष्ट लिहिते, कारण पुढचं सगळं यावर आहे. त्या दुपारपासून मला माहीत होतं की दुश्मन म्हणजे कुणी नाही. मावशीचं बोलणं मला पुरतं कळलं होतं. आधी हायसं वाटलं, मी खूप जेवले. मग जरा वेळानं चुकल्यासारखं झालं. दुश्मन होते तोवर त्या खोलीत जे चाललं होतं त्यात माझाही काही वाटा होता. आता मी नुसती उंबऱ्याबाहेरची.

दुसऱ्याच दिवशी त्या राणीसाहेब आल्या. मुंबईला डोळे दाखवायला गेल्या होत्या, परत जाताना वाटेत उतरून मुलगी पाहून जाते म्हणून तार आली. आईसाहेब पहाटेपासून उभ्याच. अक्कासाहेबांना अंग पुसून, अत्तर लावून, जरीचं नेसवलं. गालांवर तापाची लाली होतीच, वेगळं काही लावायला लागलं नाही. मग नमस्कार कसा करायचा ते एकदा करून दाखवा म्हटल्यावर अक्कासाहेब वाकल्या, आणि त्यांच्या हातांतल्या सोन्याच्या बांगड्या मनगटावरून घसरून फरशीवर पडल्या आणि घरंगळत पलंगाखाली गेल्या. एवढे हात वाळले होते. आईसाहेब क्षणभर बांगड्यांकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी मला हाक मारली. मी धावत गेले. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला. किती आठवड्यांनी घेतला होता, मला वाटलं आता जवळ ओढतील. त्यांनी साबणाचं पाणी मागवलं, माझ्या मनगटाला चोळलं आणि माझ्या बांगड्या ओढून काढल्या. "तुम्हाला आज काय करायच्यात," म्हणाल्या. हाडाशी कातडं सोललं, ते त्यांना दिसलं नाही. बांगड्या अक्कासाहेबांना अगदी मापाच्या झाल्या. त्यांनी हात हलवून किणकिण ऐकली आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं कसलं होतं ते मला अजून ठरवता येत नाही. तेव्हा मात्र मी ते खिजवणंच समजले.

राणीसाहेब भरल्या अंगाच्या, मोकळ्या, तपकीर ओढणाऱ्या. आल्या त्या आमच्या बंगल्याला, हवेला, चिरोट्यांना सगळ्यांना बरं म्हणत आल्या. अक्कासाहेबांनी पोथीतलं पान वाचून दाखवलं, भरतकाम दाखवलं, पानाचं तबक पुढे केलं. सगळं नीट झालं. चारच्या सुमाराला अक्कासाहेबांचे डोळे तापानं चमकायला लागले, ते मला आणि आईसाहेबांना एकदमच कळलं. खोकला दाबून त्यांचा गळा हलत होता. आईसाहेब म्हणाल्या, जरा आत जाऊन या.

त्या गेल्यावर राणीसाहेबांनी हलकेच विचारलं, मुलीला बरं नाही का.

"छे, छे. त्यांच्या दुश्मनांना जरा कसर येते संध्याकाळची. हवा बदलली ना."

रीतीचं उत्तर. त्यावर पुढे विचारायचं नाही हीही रीतच. राणीसाहेब हसल्या. कोपऱ्यात मी बसले होते, माझ्याकडे वळून थट्टेनं म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला दुश्मन कुठले? का गं, तू आहेस का?"

मी उठून उभी राहिले. मनगट चुरचुरत होतं. "मीच दुश्मन आहे," मी म्हणाले, "पण मला ताप नाही. ताप अक्कासाहेबांनाच येतो, रोज. आणि रुमालावर रक्तही असतं."

राणीसाहेबांनी हातातली तपकिरीची डबी मिटली. गाडीची वेळ विचारली, घोटभर पाणी घेतलं. निघताना दारात माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "खरं बोलतेस. सोडू नकोस हे." आणि टांग्यात बसल्या.

टांगा दिसेनासा झाल्यावर आईसाहेबांनी मला अक्कासाहेबांच्या खोलीत नेलं. उंबऱ्याच्या आत, आपलाच हुकूम बाजूला ठेवून. असं का बोललात, एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. वाट माझ्यापुढे तयार होती. मी म्हणाले, "अक्कासाहेबांनी मला सांगितलं होतं की दुश्मन म्हणजे मी. मला खरं वाटलं."

आईसाहेब पलंगाकडे वळल्या. "असं सांगितलंत तुम्ही?"

अक्कासाहेब छताकडे बघत होत्या. माझ्या बांगड्या अजून त्यांच्या हातांत होत्या. "मी असं कशाला सांगेन?" म्हणाल्या.

मावशी दाराशी बादली घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला अर्धं माहीत होतं, अक्कासाहेबांना अर्धं, आणि सगळं माहीत असणारी मी. मावशी बादली उचलून गेली. मोठ्यांच्या खऱ्याखोट्यात पडून गरिबाचं चालत नाही, आणि दिलेला शब्दही तिनं पाळला असेल.

आईसाहेब मला म्हणाल्या, "जा." दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर मला परत संस्थानात पाठवलं. चार दिवसांनी सोयरीक मोडल्याचं पत्र आलं, आणि धाकटीनं मत्सरानं थोरलीचं वाटोळं केलं हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत झालं.

आईसाहेब लोणावळ्यालाच राहिल्या, अक्कासाहेबांजवळ. वर्षातून एकदा-दोनदा यायच्या. मला बोलायला कुणी नाही. तेव्हा मी वाचायला शिकले. कुणी शिकवलं नाही. कोठीतल्या पुड्यांचे कागद, गाडीतून आलेल्या पेटाऱ्यांवरची नावं, औषधाच्या बाटल्या, जे दिसेल ते जुळवत बसायची. कशासाठी, तर आईसाहेबांची पत्रं आबासाहेबांच्या बैठकीत पडलेली असायची, त्यांत माझं नाव आहे का ते बघायला. शेवटच्या ओळीत असायचं, ताईसाहेबांस आशीर्वाद. तेवढं वाचायला मला आठ महिने लागले.

मी पंधराची झाले आणि त्याच राणीसाहेबांकडून मागणी आली. त्याच मुलासाठी. निरोप असा, की आमच्या घरात तोंडपुजे फार झालेत, ती खरं बोलणारी पोर आम्हाला द्या. आबासाहेबांनी विचारायला नको म्हणून मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? लग्नाला आईसाहेब आल्या, अक्षता टाकल्या, अक्कासाहेब एकट्या आहेत म्हणून दोन दिवसांत परत गेल्या. अक्कासाहेब आल्या नाहीत.

सासूबाई वाईट नव्हत्या. पण आल्यागेल्या प्रत्येकापुढे मला उभं करून सांगायच्या, ही खरं बोलते. लुगडं शोभतं का, आमटी खारट झाली का, कोणत्या कारकुनाची नजर चोरटी आहे, सगळं मला विचारायचं. मग मी सांगायचं. त्यानं एक एक माणूस माझ्यापासून तुटत गेला. यजमान तर पहिल्या वर्षातच म्हणाले, तुमच्याशी बोलायचं म्हणजे साक्षीला उभं राहिल्यासारखं वाटतं. ते मोटारींत रमले. एका वाक्याच्या जोरावर मी त्या घरात पंधरा-सोळा वर्षं चाकरी केली म्हणा ना. आणि ते वाक्य कसलं होतं ते मला रोज आठवायचं.

पुढे आबासाहेब गेले, सासूबाई गेल्या. लढाईच्या दिवसांत आईसाहेबही लोणावळ्यात गेल्या. अक्कासाहेब राहिल्या. डॉक्टरांनी दोन वर्षं दिली होती त्यांना, त्या वीस वर्षं जगल्या होत्या. कधी उठून बागेत फिरायच्या, कधी सहा महिने पलंगावर. मी यजमानांना म्हटलं, महिनाभर जाऊन येते. ते म्हणाले, या. मी परत गेलेच नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

गाव बदललं होतं. लष्कराच्या लॉऱ्या, कार्डावरची साखर, रॉकेलची ओढ. बंगल्याचे पत्रे गळत होते. अक्कासाहेबांनी मला पाहिलं, म्हणाल्या, "आलात का." मी म्हटलं, "आले." त्यानंतर कितीतरी महिने आम्ही औषध, दूध, गरम पाणी यापलीकडे बोललो नाही.

बोलायला त्राण कुठं होतं? भांडी उकळा, थुंकीचं भांडं फिनेलनं धुवा, रोज पाठ पुसा. लोणावळ्याच्या पावसात चार महिने काही वाळत नाही. ढग घरात येतात, आणि डॉक्टरांचा हुकूम असा की खिडकी उघडीच हवी. चादरी शेगडीवर धरून सुकवायच्या, तोवर दुसऱ्या ओल्या. रात्री पाठ टेकली की सकाळ व्हायची. मला त्या दिवसांतला थकवा आठवतो, चेहरे तितके आठवत नाहीत.

भाद्रपदातली दुपार होती. खोलीत धुकं इतकं, की त्यांच्या पायांकडचा पलंग दिसत नव्हता. मी दुधाचा पेला घेऊन बसले होते, निवायची वाट बघत. त्या एकदम म्हणाल्या, "ताईसाहेब, तुम्हाला राग आहे अजून?"

कशाचा, असं मी विचारलं नाही.

"आईसाहेबांपुढे मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "दुश्मन म्हणजे तुम्ही, हे मीच सांगितलं होतं. खिडकीत उभ्या होता तुम्ही. मी कबूल केलं असतं तर आईसाहेब उठून तुमच्याकडे आल्या असत्या. तेव्हा त्या उठल्या असत्या तर मी मेले असते, असं वाटलं मला. मग दर वर्षी म्हणायची, यंदा सांगेन. त्या गेल्या, तरी नाही सांगितलं."

दम लागला म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय कळत होतं तेव्हा? नऊ वर्षांच्या तुम्ही. मी सांगितलं, तुम्ही खरं मानलंत. चूक माझी."

दुधावर साय धरत होती. मावशीचं बोलणं माझ्या ओठांशी आलं होतं, तिच्या आवाजासकट. आदल्या दुपारी मला कळलं होतं, अक्कासाहेब, मी जाणूनबुजून बोलले, बांगड्यांसाठी बोलले. एवढंच म्हणायचं होतं. पण चूक माझी, हे शब्द मला आजवर कुणी म्हटले नव्हते. ना आईनं, ना सासरी कुणी. ते एक दिवस तरी जवळ ठेवावेत असं वाटलं. उद्या सांगू, म्हटलं.

"नव्हतं कळत," मी म्हणाले.

"राग नाही ना?"

"नाही." हे मात्र खरं होतं.

त्यांनी पेलाभर दूध संपवलं आणि आणखी मागितलं. कितीतरी महिन्यांत मागितलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांची कळाच बदलली. मला जवळ बसवून घ्यायला लागल्या. आईसाहेब माझ्याबद्दल काय काय म्हणायच्या ते आठवून आठवून सांगायच्या. माझ्या लग्नाहून परत आल्यावर दोन दिवस जेवल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर आले की त्यांना सांगायच्या, ही माझी धाकटी बहीण, हिच्या तोंडून खोटं कधी निघायचं नाही. मी थर्मामीटर झटकत उभी असायची.

आता हलक्या झाल्या आहेत त्या, ते ओझं पुन्हा त्यांच्या छातीवर कसं ठेवू, अशी मी स्वतःची समजूत घालायची. समजूत अगदीच खोटी नव्हती. पण पुरी खरीही नव्हती. मला त्यांची माफी आवडली होती, आणि ती परत द्यायची नव्हती.

माघात, सकाळी, मी त्यांची गादी उन्हात टाकायला बाहेर नेत असताना त्या गेल्या. म्हणजे भाद्रपद ते माघ, पाच महिने. रोज मी त्यांचे केस विंचरले, रोज दूध दिलं, दिवसातून चारदा ताप पाहिला. वेळ नव्हता असं म्हणायला मला जागा नाही.

वडिवळ्याची मावशी त्याआधीच वारली होती, तिच्या सुनेनं सांगितलं. म्हणजे आता हे माहीत असणारी मी एकटी उरले, म्हणून लिहून ठेवते. त्या नऊ वर्षांच्या मुलीवर माझा राग नाही. तिचं मनगट सोललेलं होतं, आणि तिला आई हवी होती. पण दुधाचा पेला हातात धरून बसलेल्या त्या तिशी उलटलेल्या बाईचं काय करावं, ते माझं अजून ठरलेलं नाही.